सकाळी साडेदहाची फाइल

[दृश्य: टेबलावर उघडा लॅपटॉप. खुर्चीवर वाळत घातलेला टॉवेल. आतून कुकरची शिट्टी.]

सकाळचे साडेदहा. लॅपटॉपसमोर कोणी नाही. तरी फोल्डरमध्ये एक नवी फाइल येऊन पडते. नावात आजची तारीख.

देशातल्या म्युच्युअल फंडांचे भाव, म्हणजे एनएव्ही, या एका फाइलीत असतात. ॲम्फी ही फंड कंपन्यांची मुंबईतली संघटना ती आपल्या साइटवर ठेवते. नुसता मजकूर, ना रंग, ना चौकटी. एका ओळीत एक योजना: आधी योजनेचा क्रमांक, मग दोन आयएसआयएन (गुंतवणुकीचे ओळखक्रमांक), मग नाव, भाव आणि शेवटी तारीख. मध्ये अर्धविराम.

[दृश्य: फाइल संथपणे वर सरकते.]

अशा हजारो ओळी. बहुतेकींवर ताजी तारीख. मधूनच एखादी ओळ कित्येक वर्षं जुनी निघते. योजना कधीच बंद पडली, यादीतलं नाव तेवढं राहिलं. रेशनकार्डावरून नाव कमी करायचं राहून जावं, तसं.

आणि वेळ साडेदहाचीच का? बहुतेक योजनांनी त्या दिवसाचा भाव रात्री अकरापर्यंत जाहीर करायचा, असा नियम आहे. दुसऱ्या फंडांत पैसे घालणाऱ्या फंडांना मात्र पुढच्या कामाच्या दिवशी सकाळी दहापर्यंत मुभा मिळते. रात्री साडेअकराला फाइल उतरवली, तर यांचे भाव शिळेच हाती लागायचे. म्हणून वर अर्धा तास सोडून साडेदहा.

ही फाइल आणतो तो कर्ल, पत्ता दिला की तिथली फाइल उतरवणारा प्रोग्राम. टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, एक ओळ लिहायची: कर्ल, पुढे पत्ता, पुढे फाइल कुठे ठेवायची ते. ब्राउझर नको, माउस नको.

कर्लचा जन्मही अशाच कामातून झाला. स्वीडनमधल्या डॅनियल स्टेनबर्गला आयआरसी या जुन्या चॅटवरच्या गप्पांच्या खोलीत चलनांचे दर हवे होते. कोणी विचारलं की बॉटने, म्हणजे आपोआप उत्तर देणाऱ्या प्रोग्रामने, डॉलरचे क्रोनर करून सांगायचे. त्यासाठी दर वेबवरून आपोआप यायला हवेत. ब्राझीलच्या राफाएल सागुलाने १९९६मध्ये एचटीटीपीगेट नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला होता. स्टेनबर्गने तोच उचलला आणि वाढवत नेला. २० मार्च १९९८ रोजी तो कर्ल या नावाने बाहेर आला, तेव्हा साधारण २२०० ओळींचा होता. आज तो फोनमध्ये आहे, टीव्हीत आहे, गाड्यांमध्ये आहे. २०१८पासून विंडोजमध्येही आयताच मिळतो.

फाइली उतरवणारा त्याच काळातला दुसरा गडी म्हणजे डब्ल्यूगेट, क्रोएशियाच्या ऱ्हवोये निक्शिचचा. मोठी फाइल अर्ध्यावर असताना नेट गेलं, तर 'डॅश सी' लावून पुन्हा चालवायचं. सर्व्हर साथ देत असेल तर उरलेलीच उतरते. रेंज येते-जाते अशा गावात बसून काम केलेल्याला याची किंमत विचारा.

[दृश्य: क्रॉनटॅबची एकच ओळ. तीस, दहा, पुढे तीन स्टार.]

आता रोज आठवणीने कर्लची ती ओळ कोण चालवणार? क्रॉन, ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम. त्याचं वेळापत्रक म्हणजे क्रॉनटॅब. मिनिट, तास, तारीख, महिना, वार, असे पाच रकाने. लॅपटॉप जागा हवा, एवढीच अट. एक खोड मात्र सांगून ठेवतो. फाइलच्या नावात तारीख घालायला आपण टक्क्याचं चिन्ह वापरतो. हाताने चालवली की ओळ बिनतक्रार चालते, क्रॉनमध्ये मात्र अडते. कारण क्रॉन टक्क्याला नवी ओळ समजतो. त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. माझी अख्खी संध्याकाळ त्या एका रेघेपायी गेली.

ते थोडक्यात निभावलं. खरा फटका दुसरीकडे बसला. एका वेगळ्याच साइटवरून रोजचे बाजारभाव आणायची स्क्रिप्ट मी लावली होती. फोल्डर भरत होता, मी निवांत. दोन-अडीच महिन्यांनी सगळं एकत्र करायला बसलो, तर शेवटच्या चाळीसेक फाइलींचा आकार एकच. बाइटचाही फरक नाही. भाव रोज हलतात, मग आकार कसा हलत नाही?

उघडून बघितलं. आत लिहिलं होतं, 'पान सापडले नाही'.

त्यांनी फाइल दुसरीकडे हलवली होती. कर्ल रोज जुन्या दारात जायचा, नकाराची चिठ्ठी घेऊन यायचा आणि मी ती तारीख घालून जपून ठेवायचो! कर्लची चूक म्हणावी, तर तीही नाही. सर्व्हरने जे दिलं ते त्याने आणलं, त्याच्या लेखी काम फत्ते. चिठ्ठीवर विसंबायचं नसेल तर 'डॅश एफ' लावावं लागतं. मग चारशेचार, म्हणजे 'पान सापडले नाही'चा क्रमांक, आला की तो काही न ठेवता बावीस क्रमांकाची चूक सांगून थांबतो. पत्ता हलल्याची सूचना सर्व्हर देत असेल, तर तिच्यामागे जायला 'डॅश एल'. दोन्ही मला माहीत होते. लावले नव्हते. जुने भाव ती साइट ठेवत नाही, त्यामुळे ते चाळीस दिवस गेले ते गेलेच.

[दृश्य: स्क्रिप्टमधल्या तीन-चार ओळी, जवळून.]

तेव्हापासून ॲम्फीची फाइलही आधी तात्पुरत्या नावाने उतरते. पहिली ओळ 'स्कीम कोड'ने सुरू होते का, ओळी कालच्या आसपास आहेत का, हे बघितलं जातं. जमलं तरच तारखेचं नाव मिळतं, नाहीतर मला मेल येतो. आणि फेरी दिवसातून एकच. भाव दिवसाला एकदा बदलतो, तर दर मिनिटाला त्यांचं दार कशाला वाजवायचं?

[दृश्य: टर्मिनल. एक आकडा उमटतो.]

आज कालच्यापेक्षा सहा ओळी जास्त आहेत. नव्या योजना आल्या असतील. संध्याकाळी बघू.