गरम झाली की रुसते

(दृश्य: सकाळची गल्ली. व्हॅनचं दार सरकतं. किल्ली फिरते.)

सकाळचे साडेसहा. नागपूर, मानेवाडा रोडच्या आतली एक गल्ली. ही २०१४ ची पेट्रोल व्हॅन. एरवी शाळेची मुलं नेते, सुट्ट्यांमध्ये केटरिंगची भांडी. किल्ली फिरवली आणि लागली. हा आवाज लक्षात ठेवा.

(दृश्य: दुपार. मंगल कार्यालयासमोर तीच व्हॅन. मागे पातेल्यांची उतरंड.)

दुपारचा एक. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागून तीन दिवस झालेत. तीच गाडी, तोच मालक. सेल्फ फिरतो, फिरतच राहतो, इंजिन काही पकडत नाही.

"सकाळी एका झटक्यात लागते. फिरून आलो, पंधरा-वीस मिनिटं कुठं थांबलो, का मंग नाही होत चालू. काहून होऊन राहिलं, ते कोणीच नाही सांगून राहिलं भाऊ."

सांगितलं तर सगळ्यांनीच होतं. एक म्हणाला बॅटरी. बदलली. दुसरा म्हणाला सेल्फ कमजोर झालाय. भरून आणला. मग प्लग, मग टाकीतला पंप, मग पुन्हा प्लग. ही बिलांची पिशवी.

(दृश्य: सीटवर सांडलेली बिलं. तीन सेकंद, निवेदन नाही.)

(दृश्य: गॅरेज. ओलं फडकं, बादली, उस्तादांचे हात.)

या गॅरेजात सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी हात काळे केले ते अॅम्बेसेडर आणि पद्मिनीवर. तेव्हा पेट्रोलचा पंप इंजिनलाच चिकटलेला असायचा. पेट्रोलमधला हलका भाग पस्तीस-चाळीस अंशांतच वाफ धरू लागतो आणि नागपूरची मे महिन्यातली हवाच त्याहून तापलेली असते. गाडी थांबली की इंजिनची धग पंपात आणि नळीत शिरायची, पेट्रोलचे बुडबुडे व्हायचे आणि पंप बिचारा वाफ ओढत बसायचा. लोक त्याला एअर लॉक म्हणायचे. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं. बुटीबोरीच्या रस्त्यावर उन्हात बोनेट उघडून फडकी पिळणारी माणसं उस्तादांनी खूप पाहिली.

त्यामुळे या व्हॅनच्या मालकानेही सीटखाली ओलं फडकं ठेवलेलं दिसलं, तेव्हा उस्ताद हसले. या गाडीचा पंप मागे टाकीत बुडालेला आहे. तो पेट्रोल जोरात दाबून पाठवतो आणि दाबाखाली असलेलं पेट्रोल सहज उकळत नाही. फडकं टाकून गाडी कधीकधी लागायची, हे खरं. पण फडकं पिळेपर्यंत दहा मिनिटं जायची आणि इंजिन तेवढं निवायचं.

(दृश्य: रिंग रोड. काचेतून दिसणारं पांढरं ऊन. उड्डाणपुलाखाली दाटलेल्या दुचाक्या.)

उस्तादांनी पाना हातात घेतला नाही. आधी गाडी रिंग रोडवर काढली. बिघाड डोळ्यांसमोर घडल्याशिवाय ते काहीही उघडत नाहीत. आजवर गॅरेजात गाडी पोचायची ती निवून, सरळ लागायची आणि मेकॅनिक अंदाजाने काहीतरी बदलून द्यायचा.

गाडी तापली. बंद केली. आता वीस मिनिटं नुसतं बसायचं. इंजिन बंद होतं तेव्हा पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो आणि आत कोंडलेली उष्णता वर चढते. बंद केल्यावर काही वेळ इंजिनच्या आजूबाजूचे सुटे भाग चालत्या गाडीपेक्षा जास्त तापतात. आणि या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली.

(दृश्य: सीट उचलली जाते. धग. कॅमेऱ्याच्या काचेवर हवा थरथरते.)

आता किल्ली. उस्ताद डोळे मिटून ऐकतात. सेल्फ जड, अडखळत फिरला असता तर बॅटरी, केबल किंवा सेल्फ. हा तर चांगला जोमात फिरतोय. म्हणजे पहिली दोन बिलं इथेच रद्द.

मग करंट. प्लगच्या वायरीला टेस्टर लावला, निळी ठिणगी दिसली. इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा क्रँकचा सेन्सर गरम झाल्यावर मेला असता, तर ही ठिणगी दिसली नसती.

मग पेट्रोल. नळीला गेज लावलं. काटा वर गेला आणि वीस मिनिटांनी पाहिलं तरी तिथेच. पंप ठीक, इंजेक्टरही ठिबकत नाहीत. पंपाचंही बिल रद्द.

(दृश्य: अॅक्सिलरेटरवर पाय. सायलेन्सरमधून काळा धूर.)

आता हे बघा. उस्तादांनी अॅक्सिलरेटर पार तळाशी दाबला आणि तसाच सेल्फ मारला. कार्बोरेटरच्या काळात पाय वरखाली मारत राहिलं तर गाडी आणखी ओव्हर व्हायची, म्हणजे आत पेट्रोल साचायचं. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत मात्र पाय पूर्ण दाबून सेल्फ मारला तर कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो, आत साचलेलं पेट्रोल निघून जावं म्हणून. गाडी लागली. धूर पाहिलात? प्लग काढले तर काळे आणि ओले. पेट्रोल कमी पडतच नव्हतं, गाडी पेट्रोलमध्ये बुडत होती. अॅव्हरेज घसरलं होतं, हे मालकाला तेव्हा आठवलं.

तापलेल्या इंजिनला एवढं पेट्रोल कोण पाजतंय?

(दृश्य: स्कॅनरची स्क्रीन. शेजारी इंजिनवर रोखलेली थर्मामीटर गन.)

याआधीही दोनदा स्कॅनर लावला होता. "एकही एरर नाही" म्हणून परत पाठवलं होतं. उस्तादांनी एररच्या यादीकडे पाहिलंच नाही. त्यांनी चालू आकडे उघडले. इंजिनच्या पाण्याचं तापमान, स्कॅनर म्हणतो ३४. गन म्हणते ८८.

चौतीस हा आकडा खोटा आहे, पण अशक्य नाही. म्हणून कॉम्प्युटरला शंका आली नाही आणि दिवा पेटला नाही. इंजिन थंड आहे असं समजून तो दर वेळी थंड इंजिनचं, म्हणजे जास्तीचं पेट्रोल सोडत राहिला. सकाळी इंजिन खरोखर थंड, त्यामुळे सकाळी सगळं बरोबर. डॅशबोर्डचा काटा आणि रेडिएटरचा पंखा या गाडीत वेगळ्या सेन्सरवर चालतात, म्हणून तिथेही काही कळलं नाही.

तरी उस्तादांनी सेन्सर बदला असं म्हटलं नाही. दोष वायरीचाही असू शकतो. सेन्सरचं सॉकेट काढलं, स्क्रीनवर उणे ४०. नागपुरात, नवतप्यात! (आमचा कॅमेरावाला इथे हसला, म्हणून फ्रेम हलली आहे.) सॉकेटच्या दोन टोकांना तार जोडली, आकडा शंभराच्या पार. सॉकेट काढलं की आकडा तळाला, तार जोडली की वर, म्हणजे वायर ठीक, कॉम्प्युटर ठीक.

२०२४ च्या मे अखेरीस याच शहरात एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते. देशभर बातम्या झाल्या. हवामान खात्याने तपासलं, तर सेन्सर बिघडलेला. तिथे आकडा विश्वास बसू नये इतका मोठा होता म्हणून कोणीतरी तपासायला गेलं. आमच्या व्हॅनचा आकडा साधाभोळा होता.

(दृश्य: संध्याकाळ. चहाच्या टपरीवरचं पातेलं. पाण्यात बुडवलेला सेन्सर, मल्टिमीटरचे आकडे.)

इंजिन निवल्यावर, संध्याकाळी सेन्सर काढला. अंगठ्याएवढी पितळी वस्तू. शेजारच्या टपरीवरून उकळतं पाणी आणलं. चहावाल्याने आधी पातेलं द्यायला नकार दिला, मग स्वतःच बघायला आला.

नवा सेन्सर माठाच्या पाण्यात दोन हजार ओहमच्या आसपास. उकळत्या पाण्यात तो सरसर उतरतो. हजार, पाचशे, दोनशे. त्यातला पदार्थ जितका तापतो तितका विजेला कमी अडवतो, कॉम्प्युटर त्यावरूनच तापमान ओळखतो.

आता जुना. माठाच्या पाण्यात अगदी बरोबर. उकळत्या पाण्यात पंधराशेपर्यंत आला आणि थांबला. पाणी खळखळतंय, आकडा हलत नाही.

"थंड्यात खरं बोलते, गरम झाली का खोटं," उस्ताद म्हणाले आणि चहावाल्याला पातेलं नीट धुवायला सांगितलं.

(दृश्य: रात्र. कूलरच्या पंख्यांचा आवाज. व्हॅन परत येते.)

नवा सेन्सर बसला, कूलंट भरलं, आतली हवा काढली. पुन्हा रिंग रोड, पुन्हा वीस मिनिटं. किल्ली. लागली.

मधल्या दोन महिन्यांत लग्नाच्या सहा ऑर्डर हातच्या गेल्या. विदर्भात शाळा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, तेवढी उसंत आहे.

(दृश्य: चहाची टपरी. व्हॅन उभी, इंजिन चालू.)

मालक चहाला उतरले, गाडी चालूच ठेवून. दोन महिन्यांची सवय. उस्तादांनी खिडकीतून हात घातला आणि किल्ली बंद केली.