दानाचं पंचांग

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, आणि दशावताराला पहाटेपर्यंत टक्क जागणारे पण व्याख्यानाला साडेआठलाच जांभया देणारे रसिकहो. पत्रिकेवर विषय छापलाय ‘आदिवासींचा सांस्कृतिक वारसा आणि आपलं दान’. मध्येच वीज गेली तर पंचाईत नको, म्हणून म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपण दान देतो आपल्या सवडीच्या महिन्यात, आणि ज्यांना देतो त्यांचं वर्ष चालतं वेगळ्याच महिन्यांवर.

आता जरा रायगडात चला. पेण-सुधागडच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. केंद्र सरकारच्या यादीत महाराष्ट्रातल्या तीनच जमाती आदिम म्हणून आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. खैराचा कात पाडणारे म्हणून कातकरी. कात गेला, जंगल गेलं, आता वीटभट्टी आणि कोळसाभट्टी. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळी झाली की बायकापोरांसकट भट्टीवर जायचं आणि उचल फेडत पाऊस तोंडावर येईपर्यंत तिथंच राबायचं. हे तिथल्या शाळामास्तरांना विचारा. डिसेंबरात हजेरीपटावरची निम्मी नावं भट्टीवर असतात.

आणि आपले दाते कधी जातात? नाताळच्या सुट्टीत! अलिबागला जाता जाता. अशाच एका मंडळाबरोबर हिशेब ठेवायला म्हणून मी गेलो होतो. मंडळाचं नाव विचारू नका, त्यातले दोघे माझे व्याही लागतात. (हशा) टेम्पोभर चादरी, फरसाणाची पाकिटं आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुरेल असा फलक. फलकावर सात फोटो, सातही दात्यांचे.

वाडीत पोचलो तर चिटपाखरू नाही. कुडाच्या झोपड्या, कवाडांना तारेचे पीळ, एक लंगडं कुत्रं आणि ओट्यावर एक आजी. अध्यक्षांनी विचारलं, “माणसं कुठायत?” आजी म्हणाली, “भट्टीवर.” “परत कधी येतील?” “पावसाला.” आता पावसापर्यंत थांबणार कसं, संध्याकाळी अलिबागला मासळीची थाळी सांगून ठेवलेली! शेवटी शेजारच्या गावातून चार मुलं आणली. चांगली खात्यापित्या घरची, एकाच्या पायात बूट. त्यांना चादरी पांघरून, भर दुपारच्या उन्हात, फलकासमोर फोटो काढला. पोरं घामाघूम.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. आजी चादरीकडे बघेचना. ती टेम्पोभोवती फिरली, वरची ताडपत्री बोटांनी चाचपली, शिवण ओढून बघितली आणि म्हणाली, “ही देता का?” अध्यक्ष म्हणाले, “आजी, ती टेम्पोवाल्याची.” ती पुन्हा ओट्यावर जाऊन बसली. तिला श्रावण दिसत होता हो! छपरावर काय घालायचं हे त्या वाडीतल्या एकट्या म्हातारीला डिसेंबरात कळत होतं आणि आमच्यात दोन चार्टर्ड अकाउंटंट होते. जून-जुलैत तांदूळ आणि ताडपत्री पोचली असती, तर एखाद्या घराची उचल कमी झाली असती. तेवढी पोरं शाळेत राहिली असती. पण जुलैत अलिबागला कोण जातो? समुद्र खवळलेला, मासेमारी बंद.

कंपन्यांची तऱ्हा वेगळी नाही. २०१३ च्या कायद्यानं ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि त्यात वारसा, कला, संस्कृती बसते. पण मी बँकेत होतो, मला माहिती आहे, हा पैसा मार्च अखेरीला धावत सुटतो. मार्चमध्ये जे विकत मिळतं ते घेतलं जातं. मार्चमध्ये मिळतात खुर्च्या.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरली म्हणतात. म्हणजे ज्यासाठी आलो ते आता पळत पळत.

आपल्या कुडाळजवळच्या पिंगुळीला या. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता, नवरात्रात, जत्रांत देवळांतून खेळ व्हायचे. चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या चित्रांची चळत, दोन कागद पाठीला पाठ चिकटवलेले. कथेकरी एकेक चित्र फळीला टेकवून उभं करतो, वीणा, टाळ, हुडूक चालू असतात, एक बाजू गाऊन झाली की चित्र फिरवायचं. हे ओल्या हवेत टिकवणं कठीण, आणि अडचणीच्या वर्षी जुन्या पोथ्या विकल्याही गेल्या. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय केलं. त्यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्यापैकी कितीजण तिथं गेले होते? हात वर करू नका, उगाच लाज वाटेल.

संस्थान ठाकरांना पोथ्या ठेवायला कपाट देत नव्हतं, ठरलेल्या रात्री बोलावत होतं. दरवर्षी बोलावणं असलं की पोरगा बापाशेजारी बसून सूत्र ओढायला शिकतो. बोलावणं थांबलं की तो मुंबईला जातो, आणि त्याचं काय चुकलं? म्हणून माझी सूचना: वीस जणांनी प्रत्येकी १०,००० काढा. २ लाखांवर ७ टक्के धरले तर वर्षाला १४,००० व्याज. त्यातून नवरात्रातली एक रात्र, याच सभागृहात, कायमची. कथा कुठली ते कलाकार ठरवतील. बिदागी त्याच रात्री हातात, सत्कार नको, नारळ-शालीवर बोळवण तर नकोच. आणि सोबत शिकणाऱ्या पोराचं मानधन वेगळं. पोथ्या त्यांच्या घरीच राहतील. आपण फोटो काढायचे ते विचारून.

करसवलत? २,००० च्या वर रोख दिलेत तर दानाची वजावट मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत असाल तर तशीही नाही. तिथं नुसतं पुण्य.

वही मागे टेबलावर ठेवलीय. नाव आणि रक्कम लिहा, फोटो चिकटवू नका. आणि रायगडच्या ताडपत्रीसाठी दुसरं पान आहे, त्याची मुदत मे अखेर.