कुंपणाआडचा सराव आणि आपले तर्क

मंडळी, फुटबॉलचा हंगाम सुरू व्हायला पाच-सहा आठवडे असतात, संघ सरावाला उतरलेला असतो आणि मैदानाचं फाटक बंद असतं. क्लब पन्नासएक फोटो आणि दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओ देतो. त्या तेवढ्या सामग्रीवर आपण अकरा जणांचा संघ निवडून मोकळे होतो. आज बोलायचंय ते यातून खरोखर काय कळतं आणि काय कळत नाही यावर.

आधी फाटक बंद का असतं ते पाहू. ‘डावपेच फुटू नयेत म्हणून’ हे उत्तर अर्धंच खरं आहे. हेरगिरी होते, त्यात शंका नाही. जानेवारी 2019 मध्ये प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सांच्या लीड्स युनायटेडनं डर्बी काउंटीच्या सरावावर नजर ठेवायला माणूस पाठवला होता. त्याबद्दल इंग्लिश फुटबॉल लीगनं दोन लाख पौंडांचा दंड ठोठावला आणि सामन्याआधीच्या 72 तासांत प्रतिस्पर्ध्याचा सराव पाहायला बंदी घातली. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या महिला संघाच्या पथकानं न्यूझीलंडच्या सरावावर ड्रोन उडवला, तेव्हा फिफानं सहा गुण कापले आणि प्रशिक्षक बेव्ह प्रीस्टमन यांच्यावर वर्षभराची बंदी आली. पण दोन्ही प्रकरणं ऐन सामन्याच्या तोंडावरची आहेत. पहिल्या सामन्याला महिना असताना लपवण्यासारखे डावपेच तयारच झालेले नसतात.

तेव्हा लपवायच्या असतात त्या माणसांविषयीच्या गोष्टी. कोण विकला जाणार आहे, कुणाचा गुडघा सुजलाय, चाचणीसाठी आलेला नवा मुलगा कोण आहे. शिवाय प्रशिक्षकाला खेळ मध्येच थांबवून एखाद्याला चार शब्द सुनवायचे असतात, आणि ते कुंपणावर टेकलेल्या शंभर मोबाइलसमोर कुणालाच नको असतं.

आता आत काय चालतं ते. पहिले एक-दोन दिवस तपासण्यांचे: रक्त, हृदय, मांड्यांची ताकद. मग धावण्याच्या चाचण्या. यो-यो चाचणीत 20 मीटर जायचं, 20 मीटर परत यायचं, 10 सेकंद सावरायचं, आणि बीपबरोबर वेग वाढत जातो. ‘30-15’ नावाची दुसरी चाचणी असते. तीत 30 सेकंद धावायचं, 15 सेकंद चालायचं. सुरुवात ताशी 8 किलोमीटरनं आणि प्रत्येक टप्प्याला अर्ध्या किलोमीटरची वाढ. खेळाडू ज्या वेगावर थांबतो, त्यावरून त्याचं पुढचं धावणं ठरतं. एकजण ताशी 20 वर थांबला, दुसरा 18 वर; दोघांना आपापल्या वेगानं 15 सेकंद पळवायचं, तर पहिल्याला सुमारे 83 मीटरवर शंकू ठेवावा लागतो, दुसऱ्याला 75 वर. म्हणून धावण्याचे गट दमाप्रमाणे पडतात. फोटोत चार बचावपटू एकत्र धावताना दिसले की ‘हीच बचावफळी’ असं आपण ठरवून टाकतो. प्रत्यक्षात त्यांचा दम सारखा असतो, एवढंच.

बिब्जचंही, म्हणजे सरावात बाजू ओळखायला घालतात त्या रंगीत बंड्यांचंही, तेच. छोट्या चौकटीत मोजक्या खेळाडूंना खेळवतात त्या छोट्या खेळात रंग मिसळूनच वाटतात, आणि तिसऱ्या रंगाचा एखादा खेळाडू ‘जोकर’ असतो, म्हणजे चेंडू ज्यांच्याकडे, त्यांच्या बाजूचा. दुखापतीतून परतणाऱ्याला बऱ्याचदा ही भूमिका देतात, कारण त्याला कुणी भिडायचं नाही असं सांगून ठेवता येतं. तेव्हा तिसऱ्या रंगातला तुमचा लाडका मधल्या फळीतला खेळाडू खेळाची सूत्रं हलवतोय असा अर्थ काढण्याआधी जरा थांबा. अकरा विरुद्ध अकरा खेळताना रंगाला अर्थ येतो, पण तो भाग क्लब सहसा दाखवतच नाही.

आता दुखापती, कारण याच काळातल्या दुखापतींवर सगळ्यात जास्त ओरड होते. पूर्ण मैदान 105 बाय 68 मीटरचं असतं. गोलरक्षक सोडले तर वीस खेळाडूंत प्रत्येकाच्या वाट्याला 357 चौरस मीटर येतात. चार विरुद्ध चार, 30 बाय 20 च्या चौकटीत खेळवलं की हाच वाटा 75 वर येतो. तिथे वळणं, थांबणं, झटके भरपूर. पण पूर्ण वेग गाठायला जागाच नाही. जीपीएसच्या हिशोबात ताशी 25.2 किलोमीटरच्या वरचं धावणं बऱ्याच ठिकाणी स्प्रिंट धरतात. तीन आठवडे छोट्या चौकटीतच गेले आणि वेगळे स्प्रिंट करून घेतले नाहीत, तर पहिल्या मोठ्या सामन्यात मांडीचा मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, दगा देतो. उलट पहिल्याच आठवड्यात स्प्रिंटचा मारा केला तरी तोच स्नायू जातो. युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या दीर्घकालीन अभ्यासात हॅमस्ट्रिंगचा एकूण दुखापतींतला वाटा 2001-02 च्या 12 टक्क्यांवरून 2021-22 पर्यंत 24 टक्क्यांवर गेलेला दिसतो. त्यामुळे प्रत्येक वेळी ‘फिजिओ बेकार’ म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

फोटोत नसलेला खेळाडू हा आपला आवडता विषय. एक दिवस नसला तर काहीच सिद्ध होत नाही. जिममध्ये असेल, उशिरा सुट्टीवर गेला असेल, किंवा छायाचित्रकार वॉर्म-अप टिपून निघून गेला असेल. सलग तीन-चार दिवस नसला तर विचारायला हरकत नाही. आणि दिसला तर पायांकडे बघा. दुखापतीतून परत येण्याचा क्रम साधारण असा असतो: आधी सायकल, मग रनिंग शूज घालून सरळ रेषेत धावणं, मग फुटबॉलचे बूट घालून वळणं, मग चेंडू, मग जोकर, आणि शेवटी पूर्ण सराव. शेजारी फिजिओ आणि पायात साधे रनिंग शूज असतील, तर ‘पुढच्या शनिवारी खेळणार’ ही बातमी बिनधास्त खोटी समजा. एक मात्र विनंती आहे: कुंपणाच्या फटीतून कुणी लंगडताना दिसला, तर लगेच नाव घालून जगजाहीर करू नका. त्याच्या घरच्यांनाही अजून कळलेलं नसतं.

बंद दाराआडच्या मैत्रीपूर्ण सामन्यांच्या निकालावर मी तरी वेळ घालवत नाही. अर्ध्या तासाचे चार भाग खेळवतात, एका तासाचे दोन खेळवतात, मध्येच सगळा संघ बदलतात. नावांच्या यादीत नुसतं ‘ट्रायलिस्ट’, म्हणजे चाचणीसाठी आलेला खेळाडू, असं लिहिलेलं असतं. सकाळी कसून सराव झालेला असेल तर संध्याकाळी पाय जडच असणार. तीन-शून्यनं हरले तरी ते त्या सकाळचं फळ असू शकतं.

वहीत मांडायची ती प्रत्येकजण किती खेळला त्याची मिनिटं. आडव्या रकान्यात सामने, उभ्यात खेळाडू, आणि चौकटीत नुसता ‘45’ न लिहिता ‘0 ते 45’ की ‘46 ते 90’ हे लिहा, शेजारी त्याचा जोडीदारही. चढण साधारण 45, 60, 75, 90 अशी असते. शेवटच्या मैत्रीपूर्ण सामन्यापर्यंत जो एकदाही साठ मिनिटांपुढे गेला नाही, तो पहिल्या सामन्यात सुरुवातीला उतरला तरी तासाभरानं बाहेर येईल असं धरून चाला. मधल्या बचावपटूंची जी जोडी दोन सामने सलग एकत्र खेळली, ती बहुधा पक्की. गोलरक्षकांत मात्र या तक्त्यावर विसंबू नका. दोघांना मिनिटं बऱ्याचदा समान वाटतात.

शेवटच्या मैत्रीपूर्ण सामन्यात दोन्ही बाजूंचे कॉर्नर कोण घेतं तेवढं टिपून ठेवा. आखलेल्या चाली त्या दिवशी झाकून ठेवतील, पण चेंडूपाशी उभा राहणारा माणूस सहसा झाकत नाहीत.