‘2005 ला इथपर्यंत आलं होतं’

(दृश्य: आयर्विन पूल, खाली कृष्णेचं गढूळ पाणी)

पावसाळ्यात सांगलीत कुणीही भेटलं तरी पहिला प्रश्न ठरलेला: “आयर्विनला किती?” म्हणजे या पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर. 40 फूट ही इशारा पातळी, 45 धोक्याची. शाळकरी पोरालाही हे आकडे पाठ असतात.

2005 साली पाणी 53 फुटांच्या वर गेलं. गावभागात, मारुती चौकात, दत्तनगरात भिंतींवर चिखलाची रेघ उमटली. पुढं रंग दिला, रेघ पुसली गेली. घरच्यांच्या डोक्यातली मात्र तशीच राहिली. “तिसऱ्या पायरीला टेकलं होतं बघा. त्याच्या वर काय येतंय!”

ऑगस्ट 2019. पाणी चढायला लागलं तेव्हा अनेकांनी हाच हिशेब धरला. टीव्ही, धान्याची पोती, कागदपत्रांची पिशवी त्या रेघेच्या वर ठेवली आणि घरातच थांबले. आयर्विनला पाणी 57 फुटांवर गेलं.

ही माणसं बेफिकीर नव्हती. नदीकाठी पिढ्या काढलेली माणसं ती. त्यांचा अनुभव खरा होता, आणि तोच आडवा आला. अमेरिकी भूगोलतज्ज्ञ रॉबर्ट केट्स यांनी 1962 मध्येच लिहून ठेवलंय की पूरपट्ट्यातला माणूस आपण पाहिलेल्या पुरात अडकून पडतो.

डोक्यात बसलेला आकडा किती ओढून नेतो, हे अ‍ॅमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये दाखवलं. एक चक्र फिरवायचं. ते मुद्दाम 10 वर किंवा 65 वरच थांबे. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के? 10 पाहिलेल्यांचा अंदाज 25 च्या आसपास, 65 पाहिलेल्यांचा 45. चक्राचा उत्तराशी काडीचा संबंध नव्हता. इथं तर आकडा स्वतःच्या घराच्या भिंतीवरचा!

मग करायचं काय? जर्मनीत जुन्या गाड्यांची किंमत ठरवणाऱ्या जाणकारांना, आधी सांगितलेला किमतीचा आकडा चुकीचा का असू शकेल याची कारणं द्यायला लावली. त्या आकड्याची ओढ कमी झाली.

(दृश्य: मे महिना, ओसरीवर बसलेलं कुटुंब, हातात वही-पेन)

हे काम उन्हाळ्यात करायचं, डोकं शांत असताना. घरातल्या सगळ्यांनी बसून विचारायचं: मागच्याहून जास्त पाणी कशानं येईल? कारणं भराभर निघतात. 105 टीएमसीचं कोयना धरण आधीच भरत आलं असेल आणि वर पाऊस थांबत नसेल, तर विसर्ग वाढवावाच लागतो. हरिपूरला मिळणारी वारणाही फुगली, तर पाण्याला उतार मिळत नाही.

मग वहीत लिहायचं. आयर्विनला 35 झाले की म्हातारी माणसं विश्रामबागला पाहुण्यांकडं, जनावरं उंचावर. 40 ला कुलूप. आकडे प्रत्येकानं आपल्या घराच्या उंचीप्रमाणं बदलावेत. पण पाणी दारात आल्यावर नाही.

आणि यंदा हे लवकर करा, कारण गल्लीत नवं वाक्य ऐकू येऊ लागलंय: “2019 एवढं काय परत येत नाही.”