वाळूचा ढीग आणि थरचं वाळवंट

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या कोल्हापूरकरांच्या डोळ्यांना पाण्याची आणि हिरव्या रंगाची सवय. रंकाळा, पंचगंगेचा घाट, गावाबाहेर पडलं की ऊस. आबालाल रहिमान याच गावात राहिले, कोटितीर्थ आणि रंकाळ्याचा परिसर रंगवत राहिले. १९३१ साली ते गेले, पण निसर्गचित्र काढायचं तर बोर्ड घेऊन बाहेर पडायचं, ही रीत इथं अजून आहे. मीही घाटावर बसूनच शिकलो. मग जैसलमेरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर सम गावच्या वाळूच्या टेकड्यांसमोर बसलो आणि हात थांबला. झाड नाही, देऊळ नाही, पाण्यातलं प्रतिबिंब नाही. चित्रात आधार घ्यावा असं काहीच नाही. होता तो फक्त उजेड आणि सावली.

म्हणून आज ॲक्रिलिक रंगांत वाळवंट कसं रंगवायचं, त्याबद्दल बोलतो.

सुरुवात मात्र आपल्या गल्लीतून करा. कुठंतरी बांधकाम चालू असतंच. तिथला कोरड्या वाळूचा ढीग सकाळी सातच्या उन्हात नीट बघा. हल्ली करडी क्रश सँड असते, तीही चालेल. वरून मूठभर वाळू सोडली की ती घरंगळते आणि एका ठरावीक उतारावर थांबते, साधारण ३०-३४ अंशांवर. वाळवंटातल्या टेकडीची वाऱ्याच्या आडोशाची बाजूही अशीच उतरते. वारा ज्या बाजूनं येतो तिकडचा चढ मात्र लांब आणि सावकाश असतो. दोन्ही उतार सारखे काढले की टेकडी तंबूसारखी दिसते. हे डोळ्यांत बसलं नाही तर रंग कितीही भारी आणा, वाळू वाळूसारखी दिसत नाही.

आता त्या ढिगाची सावली बघा. ती काळी नसते, तपकिरीही नसते. तिच्यावर ऊन पडत नाही, पण वरच्या आभाळाचा उजेड पडतो, म्हणून ती निळसर, जांभळट असते. वाळवंटात आभाळ मोकळं आणि वाळू फिकी, त्यामुळं हा निळा अंश आणखी उठून दिसतो. मी सावलीला अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळतो, त्यात थोडा पांढरा. उन्हातल्या वाळूला यलो ओकर, भरपूर टायटॅनियम व्हाइट आणि सिएनाचा किंचित स्पर्श. ट्यूबमधला पिवळा तसाच लावला तर कॅनव्हासवर हळदीची रास पडते. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची निवडा. भर दुपारी ऊन डोक्यावर असतं, सावल्या आक्रसतात आणि सगळं सपाट दिसतं.

ॲक्रिलिकचा स्वभाव इथं कळायला हवा. हा रंग पाण्यात कालवता येतो, पण वाळला की पुन्हा विरघळत नाही. आपल्या एप्रिलच्या उन्हात पातळ थर काही मिनिटांत धरतो. त्यासाठी मी स्टीलच्या ताटात ओला पंचा अंथरतो, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर काढतो. पंच्याचा ओलावा खालून मिळत राहतो, रंग बराच वेळ मऊ राहतो. ब्रश मात्र पाण्यातच हवा. केसांत रंग वाळला की तो ब्रश गेलाच म्हणायचा. दुसरी गोष्ट, ओलं असताना यातलं माध्यम, म्हणजे रंगाची पूड धरून ठेवणारा चिकट द्रव, दुधाळ असतं, वाळल्यावर पारदर्शक होतं. त्यामुळं रंग वाळला की थोडा गडद होतो. आभाळ हवं त्यापेक्षा किंचित फिकंच कालवा.

आभाळ आधी. रुंद ब्रश, वर निळा, क्षितिजाकडं येताना धुळीनं फिकटलेला, जरा उबदार. कॅनव्हासवर आधी पाण्याचा हलका हात फिरवला तर रंग एकमेकांत मिसळायला सवड मिळते. नाहीच जमलं तर पहिला थर सुकू द्या आणि वर दुसरा द्या. ॲक्रिलिकवर पुन्हा रंगवता येतं, ही त्याची मोठी सोय. मग लांबच्या टेकड्या फिक्या, कडा विरलेल्या. जवळच्या टेकडीची कड मात्र एका दमात ओढा, एका बाजूला ऊन, दुसऱ्या बाजूला सावली. माझ्या मते वाळवंटाचं सगळं चित्र या एका रेषेवर उभं असतं. ती चाचपडत काढली की टेकडीतला जीव जातो.

वाऱ्यानं उठलेल्या लाटा सगळीकडं काढायचा मोह होतो. फक्त पुढच्या भागात काढा, जवळ मोठ्या, लांब जाताना बारीक आणि दाट. ब्रश कापडावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि अलगद फिरवायचा. कॅनव्हासच्या विणीवर रंग अडकतो आणि वाळूचा खरबरीतपणा आपसूक येतो.

चित्रात उंट काढायचा की नाही, तुमची मर्जी. मी एखादं खेजडीचं झाड काढतो, थरमध्ये ते दिसतंच. फक्त त्याची सावली पट्टीनं आखल्यासारखी सरळ नको. वाळू जिथं उचलते तिथं सावलीही उचलते, खळग्यात उतरते, लाटांवरून मोडत मोडत जाते. आमच्या गल्लीतल्या ढिगावर शेजारच्या विजेच्या खांबाची सावली पडते, ती अशीच चढते. उद्या सकाळी ऊन वर यायच्या आत तुमच्या गल्लीतला ढीग बघून या.