वेबसाइट आपली आपण बदलावी का?

श्रोतेहो, नमस्कार.

मांद्र्याला चार खोल्यांचा होमस्टे, म्हापशात काजूगरांचं दुकान, फोंड्याजवळ कुळागर दाखवून जेवण वाढणारं कुटुंब. अशा धंद्यांची वेबसाइट कुणीतरी एकदा करून दिलेली असते. पहिलं वर्ष बरं जातं. मग दर बदलतात, एखादा पदार्थ बंद होतो, फोन नंबर नवा येतो आणि वेबसाइट मात्र जुनंच सांगत राहते. करून देणाऱ्याला फोन केला तर तो म्हणतो, बघतो. मग मालकाच्या मनात येतं की हे आपणच का करू नये?

काही कामं आपणच करावीत आणि काहींना हात लावू नये. मात्र ही वाटणी संगणक किती येतो यावर करू नका. प्रत्येक बदलापुढे दोन प्रश्न ठेवा. हा बदल चुकला तर काय बंद पडेल? आणि चुकलेलं मागे घेता येईल का? चूक पाच मिनिटांत मागे घेता येत असेल तर ते काम तुमचं.

एक उदाहरण बघू. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ रोजी सुरू झाला. पेडण्यातल्या एखाद्या होमस्टेच्या ‘कसे याल’ या पानावर अजून फक्त दाबोळी लिहिलेलं असेल, तर परगावचा पाहुणा दाबोळीचं तिकीट काढतो आणि मोपा इतकं जवळ असताना मुरगाव तालुक्यातून टॅक्सी करून येतो. हे पान बदलायला चार ओळी पुरतात. दोन्ही विमानतळांची नावं लिहा, तिकिटावरचे संकेत लिहा, दाबोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स, आणि दोन्हीकडून टॅक्सीला साधारण किती वेळ लागतो ते लिहा. दुसरं उदाहरण कराचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तुम्ही जीएसटी लावत असाल आणि दरपत्रकावर अजून १२ दिसत असेल, तर पाहुण्याला तुम्ही आहात त्यापेक्षा महाग वाटता. असे बदल कुणा तंत्रज्ञाची वाट बघत महिनाभर पडून राहू नयेत.

आता हे काम करायचं कसं? आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या वेबसाइट वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या आणि चालवायच्या एका सॉफ्टवेअरवर, असतात, म्हणून तेच धरून बोलतो. वर्डप्रेसमध्ये प्रत्येक लॉगिनला एक दर्जा असतो. ॲडमिनिस्ट्रेटर असेल तो काहीही करू शकतो, अख्खी साइट पाडूही शकतो. एडिटर हा दर्जा असलेल्याला पानं, मजकूर आणि फोटो बदलता येतात. प्लगिन, म्हणजे फॉर्मसारख्या जादा सोयींची जोडणी, घालता येत नाहीत, थीम, म्हणजे साइटचं रूप, बदलता येत नाही. रोजच्या कामासाठी स्वतःला एडिटरचं वेगळं लॉगिन करून घ्या. ॲडमिनिस्ट्रेटरचं लॉगिनही तुमच्याजवळ हवं, पण ते कपाटात, रोजच्या वापरात नको. एवढ्या एका गोष्टीने निम्मी भीती जाते, कारण बिघडू शकेल अशा गोष्टींपर्यंत तुमचा हात पोचतच नाही.

मजकूर चुकला तर? वर्डप्रेस पानाच्या जुन्या प्रती सांभाळून ठेवतं. पान उघडलं की बाजूच्या पट्टीत ‘रिव्हिजन्स’ असं दिसतं. तिथे कालचं पान आणि आजचं पान शेजारी शेजारी लावून बघता येतं आणि जुनं परत आणता येतं. फोटो मात्र यात येत नाहीत. मीडियातून, म्हणजे साइटवरच्या फोटोंच्या साठ्यातून, काढून टाकलेला फोटो गेला तो गेला.

फोटोंबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त गडबड तिथे होते. मोबाइलचा फोटो सहज ४ एमबीचा असतो, चार हजार पिक्सेल रुंद. असे दहा फोटो एका पानावर जसेच्या तसे गेले की ते पान ४० एमबीपर्यंत जातं आणि रेंज कमी असलेल्या ठिकाणी पाहुणा ते उघडायच्या आतच दुसरीकडे जातो. आधी फोटो लहान करा. रुंदी १६०० पिक्सेल पुरते, आकार २०० ते ३०० केबीच्या आत ठेवा. हे मोबाइलवरच्या कुठल्याही साध्या ॲपमध्ये होतं. आणि मेनूकार्डाचा फोटो काढून तोच चिकटवू नका. गूगल त्या फोटोतले पदार्थ मजकुरासारखे धरेल याचा भरवसा नसतो, ज्यांना दिसत नाही त्यांचं वाचून दाखवणारं यंत्र तिथे अडतं, आणि खतखत्याचा दर दहा रुपयांनी वाढला की तुम्हाला पुन्हा फोटो काढायला लागतो. पदार्थ आणि दर टाइप करून लिहा.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास सूचना. मेनूकार्ड छापायला दिलेलं असतं, त्याची डीटीपीची फाइल हाती येते आणि तिथला मजकूर उचलून वेबसाइटवर टाकला की अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग उमटते. फाइल खराब नसते. छपाईसाठी अजूनही जुने फॉन्ट वापरले जातात आणि त्यात ‘क’च्या जागी आतून एखादं इंग्रजी अक्षर साठवलेलं असतं. वेबसाइटला युनिकोड लागतं. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर टाइप केलेलं सगळं युनिकोडच असतं, तेव्हा मजकूर सरळ तिथेच लिहा. वर्डच्या फाइलमधून उचलत असाल तर कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकदम दाबून चिकटवा, म्हणजे वर्डचे रंग आणि आकार सोबत येत नाहीत.

फोन नंबर. आपल्या गोव्याचा कोड शून्य आठ तीन दोन. परदेशातून फोन करणाऱ्याला तो शून्य चालत नाही. वेबसाइटवर नंबर अधिक ९१ पासून लिहा आणि कोडातला पहिला शून्य काढा. व्हॉट्सॲपचं बटण असेल तर त्याच्या लिंकमध्ये ९१ आणि लगेच दहा आकडे हवेत, मध्ये अधिकचं चिन्ह नको, शून्य नको, जागा सोडायची नाही. इथे एक शून्य जास्त पडला की बटण दिसतं छान, दाबल्यावर मात्र नंबर चुकीचा असल्याचं सांगतं. म्हणून लावल्यावर दुसऱ्या माणसाच्या मोबाइलवरून दाबून बघा.

बदल केला आणि तरी तुम्हाला जुनंच पान दिसतंय? बहुतेक वेळा कॅश आड येतं. वेग वाढवण्यासाठी साइट आणि ब्राउझर दोघेही पानाची जुनी प्रत धरून ठेवतात. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, जी जुनी प्रत वापरत नाही, उघडून बघा. तिथे नवं दिसलं तर अडचण फक्त तुमच्या ब्राउझरची. तिथेही जुनंच असेल तर साइटचं कॅश रिकामं करून घ्यायला हवं. दर बदलल्यावर गूगल मॅप्सवरची तुमची नोंदही उघडा, कारण वेळ आणि नंबर तिथे एक आणि इथे दुसरा असला की पाहुणा दोन्हींवर विश्वास ठेवत नाही. आणि पानाचं शीर्षक खुशाल बदला, पण त्याचा पत्ता, म्हणजे वरच्या पट्टीत दिसतो तो, बदलू नका. गूगलकडे आणि लोकांच्या व्हॉट्सॲपमध्ये जुना पत्ता असतो. तो तुटला की त्यांना ‘पान सापडत नाही’ एवढंच दिसतं.

आता दुसऱ्या बाजूची कामं. वर्डप्रेस, थीम आणि प्लगिन यांच्या नव्या आवृत्त्या येत असतात. ‘अपडेट’चं बटण लाल आकड्यासकट समोर असतं आणि दाबायला सोपं असतं. ते दाबू नये असं माझं म्हणणं नाही. न दाबणं जास्त वाईट, कारण साइट फोडणारे जुन्या प्लगिनमधली माहीत असलेली भोकंच शोधत फिरतात. पण बॅकअप नसताना ते दाबू नका. बॅकअपचे भाग दोन: डेटाबेस, ज्यात तुमचा मजकूर असतो, आणि फाइली, ज्यात फोटो, थीम आणि प्लगिन असतात. एकच घेतला तर साइट अर्धीच परत येते. शिवाय साइट ज्या सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या संगणकावर, असते तिथेच तो ठेवला तर सर्व्हरबरोबर तोही जातो. एक प्रत गूगल ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा. आणि बॅकअपवरून साइट एकदा तरी परत उभी करून बघितलेली असायला हवी. हे जमत असेल तर अपडेट तुम्ही करा: एका वेळी एक प्लगिन, आणि प्रत्येकानंतर पहिलं पान, बुकिंगचा फॉर्म आणि व्हॉट्सॲपचं बटण तपासा. सगळं एकदम अपडेट केलं आणि साइट पांढरी पडली, तर दोष कुणाचा ते कळायला मार्ग राहत नाही. हे जमत नसेल तर वर्षाच्या ठरलेल्या पैशांत कुणाला तरी काम द्या. यात कमीपणा नाही.

दोन ठिकाणी घात होतो. पहिलं, थीममध्ये थेट केलेले बदल. करून देणाऱ्याने घाईत थीमच्या मूळ फाइलीतच रंग आणि रचना बदलली असेल, तर थीम अपडेट झाल्यावर ते सगळं पुसलं जातं. यासाठी ‘चाइल्ड थीम’ असते, म्हणजे आपले बदल मूळ थीमपासून वेगळे ठेवायची जागा. ती आहे का, हे आधी विचारा. दुसरं, ईमेलचा पत्ता. प्लगिनमुळे साइट पडली तर वर्डप्रेस, २०१९ मधल्या ५.२ आवृत्तीपासून, मालकाला ईमेल पाठवतं आणि त्यात आत शिरून तो प्लगिन बंद करण्याची लिंक असते. ही ईमेल जाते सेटिंग्जमध्ये जनरलखाली लिहिलेल्या पत्त्यावर. तिथे अजून जुन्या वेबसाइटवाल्याचा पत्ता असेल तर लिंक त्याला मिळते आणि तुम्ही पांढऱ्या पडद्याकडे बघत बसता. आजच तो पत्ता बघून घ्या.

पैसे घेण्याचं पान, डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, आतल्या नोंदी आणि होस्टिंगची, म्हणजे साइट ठेवायला घेतलेल्या जागेची, पीएचपी आवृत्ती (वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं ती), ही कामं जाणत्याकडेच द्या. डोमेनच्या या नोंदी जिथे असतात तो नेमसर्व्हर बदलताना ईमेलच्या नोंदी राहून गेल्या तर वेबसाइट चालू राहते आणि ईमेल मात्र येणं बंद होते. तुम्हाला ते कळतं पाहुण्याने तक्रार केल्यावर. आणि पासपोर्टची प्रत वेबसाइटच्या फॉर्ममधून मागवू नका. कित्येक साध्या फॉर्ममध्ये ती फाइल ज्याला पत्ता माहीत आहे त्याला उघडता येईल अशा फोल्डरमध्ये जाऊन पडते.

काम स्वतः करा किंवा दुसऱ्याला द्या, किल्ल्या मात्र आपल्याकडे हव्यात, हे मी फार कळकळीने सांगतो. डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइलवर नोंदलेलं आहे का बघा. डोमेनची मुदत संपली आणि आठवणीची ईमेल दुसऱ्याच कुणाला गेली, तर तुमचं नाव हातचं जातं. डॉट कॉम डोमेन मुदत उलटून रद्द झालं की नंतर ३० दिवस जास्तीचे पैसे भरून सोडवता येतं, त्यापुढे थोड्याच दिवसांत ते कुणीही घेऊ शकतो. होस्टिंगचं लॉगिनही तसंच. दुकानातला मुलगा काम सोडून गेला तर त्याचं खातं काढून टाका, पण काढताना वर्डप्रेस विचारतं की त्याने लिहिलेलं पुसायचं की दुसऱ्याच्या नावे करायचं. दुसऱ्याच्या नावे हा पर्याय निवडा. पुसायचं म्हटलंत तर त्याने केलेली सगळी पानं त्याच्याबरोबर जातात.

आणि हे करायचं कधी? मोठे बदल आणि अपडेट पावसाळ्यात घ्या, जून-जुलैमध्ये, किनारे शांत असतात तेव्हा. मिठाई आणि फराळ विकणाऱ्यांनी ते चवथीच्या बरेच आधी उरकावं, कारण नेवऱ्या आणि खाज्यांच्या ऑर्डरी सुरू झाल्यावर साइट दोन दिवस बंद ठेवणं परवडत नाही. नाताळच्या आठवड्यात फक्त दर आणि शिल्लक खोल्या बदला, दुसऱ्या कशालाही हात लावू नका. बाकी वर्षभर महिन्यातून एकदा आपलाच फॉर्म भरून पाठवा आणि ईमेल खरंच येते का बघा. आली नाही तर स्पॅममध्ये शोधा. तिथेही नसेल, तर फॉर्मची ईमेल एसएमटीपीमार्फत, म्हणजे खऱ्या ईमेल खात्यातून, जाईल अशी सोय करून द्यायला आपल्या माणसाला सांगा.

नमस्कार.