शकांचं माहेर

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओवर सकाळची सभा सुरू झाली की निवेदक तारीख सांगतो. आधी इंग्रजी तारीख, मग भारतीय सौर चैत्र किंवा वैशाख अमुक, शके अमुक. ही ओळ मी स्वतः या माइकसमोर किती वेळा वाचली असेल, मोजदाद नाही. २२ मार्च १९५७ पासून हे सरकारी पंचांग सुरू झालं, त्या दिवशी १ चैत्र, शके १८७९ होतं. इंग्रजी सनातून ७८ (चैत्र लागण्याआधी ७९) वजा करायचे की शके मिळतं, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. (हल्ली लग्नपत्रिकांतून मात्र शके गळायला लागलंय. हॉलचा नकाशा असतो, नवरानवरीचा हॅशटॅग असतो, घरातल्या कुत्र्याचं 'आमच्या लग्नाला यायचं हं' असतं. शके नसतं. असो, तो आजचा विषय नाही.)

आजचा विषय हा, की ज्यांच्या नावानं आपण रोज तारीख सांगतो ते शक मुळात कुठले?

उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे चहा गाळायला आत गेलात तरी हरकत नाही. सायबेरिया. सायबेरियाचा दक्षिण भाग, अल्ताय आणि सायान पर्वतांच्या अधलंमधलं गवताळ रान. तिथून घोड्यावर बसून ही माणसं निघाली आणि एका बाजूला काळ्या समुद्रापर्यंत पसरली. ग्रीक त्यांना सिथियन म्हणत, इराणी लोक सका म्हणत, आपण शक म्हटलं. टोळ्या अनेक होत्या, एक राजा, एक राज्य असं नव्हतं. पण घोड्याचा लगाम तसलाच, बाणाचं टोक तसलंच आणि पाय दुमडून बसलेल्या हरणाची नक्षीही तसलीच. चुलत, मावस, आते असा सगळा गोतावळा म्हणा.

हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार इसवी सनापूर्वी ५ व्या शतकात होऊन गेला. त्यानं सिथियनांच्या उगमाच्या तीन कथा दिल्यात. एकीत आभाळातून सोन्याचा नांगर, जू, कुऱ्हाड आणि पेला पडतो. दुसरीत हेराक्लीज येतो आणि कमरेखाली सर्पिण असलेल्या बाईशी त्याची गाठ पडते. तिसरी कथा अगदी साधी. हे लोक पूर्वी आशियात राहायचे, दुसऱ्या टोळीनं रेटलं म्हणून पश्चिमेला आले. हिरोडोटस म्हणतो, मला ही तिसरी जास्त पटते.

पुढे सायबेरियातल्या तुवा भागात अर्झान नावाच्या ठिकाणी उत्खनन झालं. १९७१ ते ७४. जमिनीवर दगडांचा प्रचंड गोल ढीग, शंभर मीटरहून जास्त रुंद, आत लाकडी ओंडक्यांच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या खोल्या, आणि दीडशेहून जास्त घोडे पुरलेले. काळ इसवी सनापूर्वी ९ व्या शतकाच्या अखेरीचा. म्हणजे काळ्या समुद्राकाठच्या सिथियन थडग्यांच्या आधीचा. हिरोडोटसची तिसरी कथा बरोबर होती. पुन्हा सांगतो, जुनं थडगं पूर्वेला आणि नवी थडगी पश्चिमेला. माणसं पूर्वेकडून पश्चिमेला गेली.

त्याच काळात तिथली हवा जरा ओलसर झाली, गवत वाढलं, म्हणून घोडे आणि कळप वाढले, असंही अभ्यासक मांडतात. मला ते पटतं. गवत वाढल्याशिवाय साम्राज्य वाढत नाही.

अशा ढिगाला म्हणतात कुर्गान. हा एक शब्द लक्षात ठेवा. कुर्गान म्हणजे थडग्यावर रचलेला दगडामातीचा ढीग. या लोकांना लिपी नव्हती. जे काही कळलंय ते बहुतेक कुर्गानमधून.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं म्हणजे हे भाषण मी मागून घेतलं. घरी ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय की सुरुवात केली की मुलगी उठून जाते. तुम्ही उठू नका.

१९९३ साल. उकोक नावाचं पठार. रशिया, चीन, मंगोलिया आणि कझाकस्तान यांच्या सीमा जवळजवळ येतात ते ठिकाण. उंची अडीच हजार मीटरच्या आसपास. झाड नाही, वारा आहे. नतालिया पोलोस्मक या रशियन पुरातत्त्वज्ञ बाईंनी तिथे एक कुर्गान उघडायला घेतला. वरचे दगड काढले तर खाली एक थडगं लागलं, पण ते नंतरच्या कुणाचं तरी, आणि चोरांनी केव्हाच साफ केलेलं. एखाद्यानं फावडं टाकून तंबू गुंडाळला असता. पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं.

इथे जरा थांबून बर्फाचं सांगतो. चोरांनी खड्डा केला, त्यातून पाणी झिरपून खालच्या लाकडी खोलीत उतरलं आणि गोठलं. वर दगडांचा ढीग, त्यामुळे उन्हाळ्यातही ऊन खाली पोचलं नाही. गोठलेलं पाणी सुमारे अडीच हजार वर्षं गोठलेलंच राहिलं. म्हणजे चोर वरच्या माणसाचं लुटून गेले आणि जाता जाता खालच्या माणसाचं जपून गेले.

खोलीचं छत काढलं तर आत बर्फाची एकसंध लादी. आता हा बर्फ काढायचा कसा? श्रोतेहो, जुन्या फ्रीजचा फ्रीजर आठवा. तोंडापर्यंत बर्फ साचलेला, आत कुल्फीचा डबा अडकलेला. आमच्या घरी एकदा मी सुरी घेऊन टोचायला गेलो, फुस्स असा आवाज आला आणि गॅस गेला. नवा फ्रीज. आई शांतपणे म्हणाली, "गरम पाण्याचं पातेलं ठेवायचं असतं रे आत." पोलोस्मक बाईंना हे कुणी सांगावं लागलं नाही. छिन्नी नाही, हातोडी नाही. पाणी तापवायचं, थोडं थोडं ओतायचं, वितळलेलं उपसून टाकायचं, परत तापवायचं. दिवसचे दिवस हेच.

खोलीच्या बाहेरच्या अंगाला सहा घोडे निघाले, खोगिरांसकट. घोड्यांच्या पोटात शेवटचा चारा तसाच होता. त्यावरून कळलं की दफन उन्हाळ्याच्या तोंडाशी झालं, जेव्हा त्या उंचीवर गवत नुकतं उगवतं. म्हणजे वर्ष ठाऊक नाही, पण महिना जवळजवळ ठाऊक.

आत छोटी लाकडी ताटं, त्यांवर मांस, बोकडाचं नव्हे, मेंढीचं आणि घोड्याचं. बर्फ वितळला तसा त्या मांसाला वास यायला लागला. विचार करा. अडीच हजार वर्षांपूर्वी वाढलेलं पान, आणि ते त्या दिवशी दुपारी नासायला लागलं.

एक लाकडी भांडं होतं, त्याचा कान कोरलेला, दोन बिबट्यांसारखे प्राणी. आणि एका छोट्या दगडी वाटीत धणे. होय, धणे, आपल्या मसाल्याच्या डब्यातले. सुरुवातीला लोकांना वाटलं गांजाचं बी असेल, कारण या लोकांचा गांजाशी संबंध होताच. हिरोडोटस लिहितो की मयतानंतर शुद्धी म्हणून ते काठ्यांचा छोटा तंबू करत, आत तापलेले दगड ठेवून त्यांवर गांजाचं बी टाकत आणि धुरात बसून आनंदानं ओरडत. लोकांना वाटायचं हिरोडोटस थापा मारतो. मग अल्तायमध्येच पाझिरिक इथे काठ्या, दगडांनी भरलेलं भांडं आणि जळकं बी असा अख्खा संच सापडला. (मोठ्या माणसाच्या लिखाणाला उठून थापा म्हणणाऱ्यांची एक जमातच असते. आमच्या कट्ट्यावर दोन आहेत.) पण उकोकला निघाले ते धणे.

मग शवपेटी. लार्च नावाच्या सूचिपर्णी झाडाचं अखंड खोड पोखरून केलेली. बाहेरून चामड्यातून कापलेली हरणं चिकटवलेली. झाकण खिळ्यांनी ठोकलेलं. खिळे काढले, झाकण उचललं, आणि आत पुन्हा बर्फ. ढगाळ, आरपार न दिसणारा. पुन्हा पातेलं. पुन्हा गरम पाणी.

आधी वर आला गाल. मग फरचं पांघरूण. ते जरासं बाजूला केलं तर खांदा, आणि खांद्यावर निळसर गोंदण. हरीण, पण तोंडाला गरुडाची चोच, शिंगांच्या टोकांना पुन्हा छोटी छोटी डोकी, आणि मागचे पाय असे पिळून वर उलटे वळलेले की जणू तो प्राणी हवेत गिरकी घेतोय. आपल्याकडे आज्यांच्या हातावर गोंदलेलं असायचं, तुळस, कृष्ण, नवऱ्याचं नाव. गोंदणाचा रंग तसाच, हिरवट निळा. गोंदण मेल्यावरही बरोबर येतं, दागिने इथेच राहतात, असं आमची आजी म्हणायची. तिचं म्हणणं या बाईनं खरं केलं.

कारण ती बाईच होती. पंचविशीच्या आसपासची. उजव्या कुशीवर, गुडघे किंचित दुमडून, झोपल्यासारखी. अंगात रेशमी झगा, लाल पांढऱ्या पट्ट्यांचा लोकरी घागरा, मांडीपर्यंत येणारे नमद्याचे, म्हणजे दाबून थापलेल्या लोकरीचे बूट. डोक्यावरचे केस काढलेले आणि वर उंचच उंच टोप, त्यावर सोन्याचा वर्ख दिलेले लाकडी पक्षी. शवपेटी इतकी लांब का, याचं कोडं तेव्हा सुटलं. बाईला जागा पुरेशी होती, टोपाला हवी होती.

तो रेशमी झगा चीनचा असणार असं सगळ्यांना वाटलं. तपासणीत रेशीम रानटी किड्याचं निघालं, टसर जातीचं. ते भारतातून गेलं असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं. मी यावर पैज लावणार नाही, पण मनातून मला ते खरं असावंसं वाटतं, एवढं कबूल करतो.

पुढचं थोडक्यात. तिला हेलिकॉप्टरनं नोवोसिबिर्स्कला नेताना इंजिन बिघडलं आणि मध्येच उतरावं लागलं. अल्तायची माणसं म्हणाली, बघा, तिला हलवायला नको होतं. मॉस्कोत लेनिनचं शव जपणाऱ्या तज्ज्ञांनी तिच्यावर काम केलं. २००३ मध्ये अल्तायला मोठा भूकंप झाला. माणसं पुन्हा म्हणाली, बघा. २०१२ मध्ये तिला अल्तायला परत आणून गोर्नो-अल्तायस्कच्या संग्रहालयात ठेवलं. तिला पुन्हा मातीत ठेवा, ही मागणी तिथे अजून आहे. एमआरआय केला तेव्हा स्तनाच्या कर्करोगाची चिन्हं दिसली. धणे आणि धूर कदाचित त्या दुखण्यासाठी असतील.

घड्याळ माझ्यापुढे आहे आणि मला आपल्या दारापर्यंत यायचंय, तेव्हा आता पळतो.

ही बाई पाझिरिक लोकांतली, शकांच्या गोतावळ्यातली. तसलाच उंच टोप इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर कोरलेला दिसतो. इराणचा सम्राट दारयवहू (डरायस) याच्यापुढे बांधलेल्या कैद्यांच्या रांगेत शेवटचा उभा आहे तो शक नायक स्कुंखा, डोक्यावर टोकदार लांब टोपी. पुढे कित्येक शतकांनी शकांच्या काही टोळ्या इराण, सिंध, गुजरात करत खाली आल्या आणि क्षहरात घराण्याचा क्षत्रप, म्हणजे प्रांताधिपती, नहपान आपल्या नाशिक, जुन्नर भागावर राज्य करू लागला. त्याचा जावई उषवदात. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, त्याचे लेख आहेत आणि एका लेखात तो स्वतःला शक म्हणवतो. दानाची यादी वाचावी अशी आहे. ३ लाख गाई. आणि एका गावची ३२ हजार नारळाची झाडं. पूर्वज गवतावर जगले, हा नारळापर्यंत पोचला होता.

मग सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं क्षहरातांचा निःपात केला. तो लेखही त्याच डोंगरात, तिसऱ्या लेण्यात. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली, नहपानाची, आणि त्यांतल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला छाप पुन्हा मारलेला. वितळवत बसला नाही, वरूनच ठोकला. त्यामुळे काही नाण्यांवर खालून नहपानाचं नाक अजून डोकावतं.

आणि ७८ चं शके? जुन्या लेखांत त्याला 'शकनृपकाल' म्हटलंय, म्हणजे शक राजाचा काळ. शालिवाहनाचं, म्हणजे सातवाहनाचं, नाव फार नंतर जोडलं गेलं. मातीचे सैनिक जिवंत केल्याची पाडव्याची गोष्ट मला आवडते, नातवंडांना मीही तीच सांगतो. पण हरलेल्याचं नाव सनाला आणि जिंकलेल्याचं नाव त्याच्या आधी, अशी ती जोडी आहे.

नाशिककर श्रोत्यांनो, पांडवलेण्यांवर गेलात तर टॉर्च न्या. दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यात भिंतीवर सरळ प्रकाश टाकू नका, अगदी कडेनं, तिरपा टाका. अक्षरं सावली धरून उठतात. नमस्कार.